आकडे दाराबाहेर ठेवणारा गट

खाण्याच्या विकारातून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका आधारगटात मी गेले चौदा महिने जातो आहे, आणि हा अभिप्राय त्या गटाविषयी आहे. गटाचे नाव मी देणार नाही. तिथे बोललेले बाहेर न्यायचे नाही हा गटाचा पहिला नियम आहे. पुढे जे प्रसंग येतील ते संबंधितांना विचारून आणि तपशील बदलून लिहिले आहेत, पण नाव दिले तर तेवढी काळजीही पुरणार नाही. शिवाय अशा गटाची निवड नावावरून करू नये, तो कसा चालवला जातो ते पाहून करावी, असे माझे मत झाले आहे, आणि ते कसे झाले हेच मला सविस्तर सांगायचे आहे. या लेखात वर्षांचे आणि मिनिटांचे आकडे येतील. वजनाचा, मापाचा किंवा उष्मांकांचा एकही येणार नाही. ती सवय मला याच गटाने लावली.

माझा आजार बुलिमियाचा, म्हणजे अनावर खाणे आणि मग ते उलटी काढून किंवा दुसऱ्या मार्गाने भरून काढू पाहणे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याचे वर्णन करून त्याला नाव दिले, म्हणजे वैद्यकाच्या दप्तरी हा आजार जवळपास माझ्याच वयाचा आहे. या आजारातला माणूस बहुधा वजनावरून ओळखू येत नाही. तो कामावर जातो, चारचौघांत हसतो-बोलतो, आणि बंद दाराआड काय चालते त्याचा पत्ता शेजारच्या खोलीतल्या माणसालाही लागू देत नाही. मी हे एकवीस वर्षे निभावले. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी दातांच्या आतल्या बाजूची झीज पाहून सरळ प्रश्न विचारला आणि तिथून मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचलो. गटात आलो तेव्हा वैयक्तिक थेरपी सुरू होऊन वर्ष होत आले होते, ठरल्या वेळी खाण्याची घडी बसत होती, रक्ताचे अहवाल ठीक होते. तरीही एका जागी गाडे अडले होते. समुपदेशकांसमोर मी रुग्ण असे आणि घरच्यांसमोर 'आता बरा होत असलेला'. घसरण झालेल्या दिवशी यांपैकी कोणासमोरही बसायची माझी तयारी नसे, कारण एकाला ती नोंदवून घ्यावी लागे आणि दुसऱ्याला तिचा धक्का बसे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे म्हणतात. मला त्या वंशातली माणसे हवी होती.

ती मला पहिल्यांदा जिथे भेटली तो गट हा नव्हे. तो गट आजारातून गेलेल्या माणसांनीच, कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय, केवळ आपुलकीने चालवलेला होता. कोणीही यावे, नाव सांगावे, बोलावे. त्या आपुलकीबद्दल मला आजही शंका नाही, पण हे आजार आपुलकीला पुरून उरतात. ते तुलनेवर जगतात. एकाने आपण किती खालावलो होतो ते आकड्यात सांगितले की ऐकणाऱ्यांना त्याची कणव येते, आणि त्याच क्षणी, त्याच माणसांच्या मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, 'मग मी तेवढा आजारी नाही' हा हिशोबही मांडला जातो. तिथे प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी आकडा सांगे, कोणी लपवाछपवीच्या जुन्या युक्त्या हसत हसत सांगे, आणि हसण्यामागचे दुखणे सगळ्यांना ठाऊक असल्याने कोणी अडवत नसे. पाचव्या बैठकीहून परतताना माझ्या लक्षात आले की मी अशा दोन गोष्टी शिकून आलो आहे, ज्या एकवीस वर्षांत मला सुचल्या नव्हत्या. मी पुन्हा गेलो नाही. त्या माणसांना मी दोष देत नाही. बैठक सांभाळायला कोणी नव्हते, इतकेच.

सध्याच्या गटाने मला लगेच घेतले नाही. आधी पाऊण तासाची स्वतंत्र भेट झाली. तीत गट चालवणाऱ्या समुपदेशिकेने विचारलेले प्रश्न मला तेव्हा जाचक वाटले होते: उपचार कोणाकडे चालू आहेत, शेवटची वैद्यकीय तपासणी कधी झाली, चक्कर येते का, छातीत धडधडते का, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, आणि तसे काही झाले तर कोणाला कळवायचे. वारंवार उलट्या काढणाऱ्यांच्या रक्तातले पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते, आणि दीर्घ उपासमारीनंतर खाणे देखरेखीशिवाय एकदम वाढवले तर फॉस्फेट खाली जाऊन जिवावर बेतू शकते; अशा माणसाला आधी रुग्णालयाची गरज असते, गटाचा विचार त्यानंतरचा. हे त्यांनी मला स्पष्ट सांगितले, आणि गट हा उपचारांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही, असे लेखी देऊन त्यावर माझी सही घेतली. दहापेक्षा जास्त माणसे ते घेत नाहीत, म्हणून पुढे सहा आठवडे थांबावे लागले. या सहा आठवड्यांत एकदाही विचारपूस झाली नाही, ही माझी पहिली तक्रार. सगळा धीर एकवटून आलेल्या माणसाला दीड महिना दारात नुसते उभे ठेवले, तर तो कधी निघून गेला हेही कोणाला कळत नाही.

बैठक आठवड्यातून एकदा, व्हिडिओ कॉलवर, ९० मिनिटांची असते. सुरुवातीला प्रत्येकाने आपला आठवडा दोन-चार वाक्यांत सांगायचा, मग ज्याला जास्त वेळ हवा असेल त्याने तो मागायचा, आणि शेवटची दहा मिनिटे पुढच्या चोवीस तासांत कोण काय करणार यासाठी राखून ठेवायची. ही रचना बहुतेक गटांत कमी-अधिक अशीच असते. गटागटांतला फरक कळतो तो नियम मोडला जातो तेव्हा.

नियम थोडे आहेत. वजन, मापे, उष्मांक आणि काय किती वेळा केले याचे आकडे सांगायचे नाहीत. युक्त्यांचा तपशील सांगायचा नाही. दुसऱ्याच्या शरीराविषयी बोलायचे नाही, चांगलेही नाही. हा शेवटचा नियम मला अतिरेकी वाटला होता. 'चेहऱ्यावर तेज आले आहे' असे कोणी म्हटले तर बिघडले कुठे? अ‍ॅनोरेक्सियातून (म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या आजारातून) सावरत असलेल्या एका मुलीने त्याचे उत्तर दिले: ते वाक्य तिच्या कानापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे 'तू जाड झालीस' झालेले असते, आणि संध्याकाळचे जेवण तिथेच संपते.

माझ्या तिसऱ्या बैठकीत एक नवे गृहस्थ आपल्या सर्वांत वाईट दिवसांविषयी सांगू लागले आणि बोलता बोलता आकड्यापाशी आले. समुपदेशिकेने त्यांना मध्येच थांबवले. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला थांबवते आहे. आकडा राहू द्या. तो आकडा पाहिलात तेव्हा घरात कोण कोण होते, ते सांगाल का?" गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की घरात कोणीच नव्हते. सगळ्यांना त्यांनीच काही ना काही निमित्त काढून बाहेर पाठवले होते. पुढची वीस मिनिटे ते जे बोलले ते त्यांनी आधी कोणालाही सांगितले नव्हते, आणि आकडा सांगून झाला असता तर आम्हालाही सांगितले नसते, असे मला वाटते. आकडा हा या आजारात बोलण्याचा भास निर्माण करतो. तो सांगितला की सर्व काही सांगून झाले असे बोलणाऱ्यालाही वाटते. त्यानंतर समुपदेशिकेने आम्हा बाकीच्यांना विचारले की आकडा येणार असे वाटताच कोणाच्या मनात तुलना सुरू झाली होती. सात हात वर झाले. त्यांत माझा होता.

गटाची खरी परीक्षा या अडवण्याच्या कौशल्यात असते, असे मी आता मानतो, आणि हे कौशल्य नियमांच्या कागदातून येत नाही. मध्यंतरी दोन महिने आमच्या समुपदेशिका रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या बाई नियम अचूक पाळत, पण कोणी नियमावरून घसरले की "नियम आठवतो ना?" असे विचारत. चुकीचे असे त्यात काही नव्हते. मात्र ज्या आजाराचे मूळ शरमेत आहे त्याच्या रुग्णाला दहा जणांसमोर शाळेतल्या मुलासारखे टोकले तर तो नियम पाळू लागतो आणि बोलायचे थांबतो. एक सदस्या त्यानंतर तीन आठवडे आल्या नाहीत. आम्ही तक्रार कळवली, तिची दखल घेतली गेली, पण बदली माणसाला गटाची ओळख करून देण्याची काहीच पद्धत संस्थेकडे नव्हती हे त्यातून दिसले. हे काम यंत्राकडे सोपवण्याची कल्पनाही अलीकडे निघाली आहे. अमेरिकेतील नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनने २०२३ मध्ये आपली मदतवाहिनी बंद केली, आणि त्याच सुमारास तिचा 'टेसा' हा चॅटबॉट वजन घटवण्याचे सल्ले देतो अशी तक्रार झाल्यावर तो काढून टाकावा लागला. ती बातमी वाचताना मला आमच्या बदली बाईंची आठवण झाली आणि त्या मला एकदम बऱ्या वाटू लागल्या.

महिन्यातून एकदा एकत्र जेवणाची बैठक असते. मी पहिल्या तीन चुकवल्या, तिन्ही वेळा कामाचे निमित्त सांगून. चौथीला गेलो. प्रत्येकाने आपल्या घरी, आपले ताट घेऊन, कॅमेरा चालू ठेवून बसायचे. ताटात काय आहे आणि किती आहे याची चर्चा करायची नाही. जेवताना दुसऱ्या कशावर तरी बोलायचे, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास कोणी उठून जायचे नाही. तो अर्धा तास हेच त्या बैठकीचे मर्म आहे. बुलिमियात जेवणानंतरचा तो काळ कसा असतो ते ज्याला ठाऊक नाही त्याला हे सांगून कळणार नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायची गरज नाही. त्या दिवशी समुपदेशिकेने एक शब्दकोडे पडद्यावर ठेवले होते आणि आम्ही दहा प्रौढ माणसे त्यावर जणू घर गहाण टाकल्यासारखी भांडलो. बरोबर तिसाव्या मिनिटाला बैठक संपली. मी बसल्या जागी आणखी थोडा वेळ बसून राहिलो. त्या रात्री मी काही केले नाही, एवढे लिहितो. पुढच्या महिन्यात केले, तेही लिहितो, आणि दुसऱ्याच दिवशी ते गटात सांगता आले.

गट मिश्र आहे, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया आणि बिंज इटिंग (अनावर खाणे, पण ते बाहेर न काढणे) हे तिन्ही विकार असलेली माणसे एकत्र बसतात. याचे फायदे आहेत, पण इथे गटाची सर्वांत कच्ची बाजूही आहे. या आजारांत एक न बोलली जाणारी उतरंड असते. न खाणाऱ्याकडे आजारातही एक प्रकारच्या दबक्या आदराने पाहिले जाते, आणि अनावर खाणारा स्वतःला आजारी न समजता नालायक समजतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेनेही बिंज इटिंगला स्वतंत्र आजाराचे स्थान २०१३ मध्येच दिले. आमच्यातले असे दोन सदस्य बैठकीत सर्वांत कमी बोलत. समुपदेशिकेला ते दिसत होते, आणि एका बैठकीत त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातला जुना प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने त्यात उतरले होते. खाण्याचा कोणताही विकार नसलेली ही माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती वाचू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. आणि बंधन उठल्यावर त्यांच्यातले कित्येक जण अतोनात खात, तरी पोट भरल्यासारखे त्यांना वाटत नसे. मग समुपदेशिकेने विचारले की यातला नालायक कोण. कोणी बोलले नाही, पण त्या दोघांपैकी एकाने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून वेळ मागितला.

मला त्या गोष्टीतली आणखी एक बाब लागली: ते छत्तीसही जण पुरुष होते. आमच्या गटात पुरुष फार तर दोन-तीन असतात, आणि सुरुवातीचे काही महिने मी चुकून भलत्याच वर्गात येऊन बसल्यासारखा अंग चोरून बसत असे. इथे मला कोणी अवघडून टाकले नाही. गटाचे माहितीपत्रक मात्र सरसकट 'मैत्रिणींनो' असे लिहिते. ते बदलावे असे मी दोनदा कळवले आहे.

बैठकीबाहेर काय होते याकडे मात्र गटाचे पुरेसे लक्ष नाही. सदस्यांनी आपसांत फोनवर एक वेगळा गट केला आहे, त्यात समुपदेशिका नाहीत आणि नियमही नाहीत. रात्री अकरानंतर तिथे जे लिहिले जाते त्यातले काही वाचून मला त्या पहिल्या गटाची आठवण येते; मी तो गट सोडला आणि एका सदस्याशी थेट फोनवर बोलण्याचे ठेवले. अशा बाहेरच्या गटांना मनाई करून उपयोग नाही, ते होणारच; पण ते आहेत हे मान्य करून त्यांच्याविषयी बैठकीत मोकळेपणी बोलता तरी यावे. दुसरे म्हणजे, एखादा सदस्य यायचा थांबला तर तो बरा होऊन गेला, रुग्णालयात आहे की कंटाळला, हे उरलेल्यांना कधीच कळत नाही. गोपनीयता मला समजते. तरी निरोपाची एखादी रीत हवी, कारण रिकाम्या चौकोनाकडे पाहून जो तो आपल्या भीतीप्रमाणे अर्थ लावत बसतो.

दुसऱ्या प्रकारच्या गटांविषयी थोडक्यात. ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस हा, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांच्या धर्तीवरचा, बारा पायऱ्यांचा मार्ग १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. अनावर खाण्यापासून दूर राहणे हा त्याचा गाभा आहे. तो ज्यांना लागू पडला अशी माणसे मला भेटली आहेत, पण अमुक वर्ज्य आणि तमुक चालेल अशा याद्यांनीच ज्याचा आजार पोसला त्याने तिथे जपून जावे. २००० साली निघालेली ईटिंग डिसऑर्डर्स अ‍ॅनॉनिमस ही त्याच धर्तीची संघटना वर्ज्य करण्याऐवजी समतोलावर भर देते. ठरावीक मुदतीचे, थेरपीचेच गट वेगळे: ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे बिंज इटिंगसाठी आधी मार्गदर्शनाखालील स्वमदत सुचवतात आणि ती लागू पडली नाही तर आठवड्याला ९० मिनिटे, असे सोळा आठवडे गटातून दिलेली संज्ञानात्मक वर्तन थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी. आमचा गट यात मोडत नाही, तो तसा दावाही करत नाही. आजारी मूल घरात असलेल्या पालकांनी मात्र आमच्यासारख्या गटात मुलाला पाठवून स्वतः मोकळे होऊ नये. किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियात घरच्यांना सोबत घेऊन केलेल्या उपचारांना मोठे स्थान आहे, आणि अनेक कुटुंबांना एकत्र बसवून चालणारे गटही असतात.

मला कोणी विचारले तर या गटात जा असे मी त्याला सांगेन, जर त्याचे उपचार चालू असतील आणि डॉक्टरांनी प्रकृती स्थिर असल्याचे सांगितले असेल तर. ज्याला भोवळ येते, ज्याचे वजन वेगाने उतरते आहे किंवा ज्याच्या मनात मरणाचे विचार घोळत आहेत, त्याने गट शोधण्यात एक दिवसही घालवू नये; थेट डॉक्टरांकडे किंवा आपत्कालीन विभागात जावे. इतरांनी कोणत्याही गटात शिरण्याआधी चालवणाऱ्याला एवढेच विचारावे की कोणी आकडा सांगितला तर तुम्ही काय करता. 'आमच्याकडे तसे कोणी करत नाही' हे उत्तर मिळाले तर दुसरा गट पाहावा.

मी आता पंधरवड्यातून एकदा जातो. बिंज इटिंग असलेल्यांसाठी वेगळी बैठक सुरू करावी, मिश्र बैठकही ठेवावी, असे आम्ही काही जणांनी लेखी कळवले होते. सहा नावे आली तर सुरू करू, असे उत्तर आले. हे लिहीपर्यंत चार आली आहेत. त्यातली दोन त्या कमी बोलणाऱ्या सदस्यांची आहेत.